दोन वाजताची खूण

४ जाने.
सुनंदा घरी आली. डॉ. म्हणाले, मेंदूभोवतीचा रक्तस्राव थांबला, पण आता तिथल्या नसा आकसायला नकोत. त्यासाठी दर चार तासांनी दोन गोळ्या, अजून दहा दिवस. खंड नको.
फ्रिजवर तक्ता लावला. ६, १०, २. रात्रीचा गजर वेगळा. कोराडीच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये, एकतीस वर्षं दर तासाला रीडिंग लिहिली, हे काय मोठं!
सु. हसली. "आता मी तुमचं बॉयलर हाओ काय?"

७ जाने.
शेजारच्या ब्लॉकमध्ये देशमुखचं निरोपाचं जेवण. साडेबाराला निघताना २ च्या चौकोनात खूण करून टाकली. ड्यूटीवरची घाणेरडी सवय. जेवायला जायचं तर पुढची रीडिंग आधीच भरायची, काटा कुठे हलतो! दोनच्या आत येणारच होतो.
आलो सव्वाचारला. गप्पा, दुसरं काय.
सु. म्हणाली, "दोनले उठली होती मी. खूण पायली, म्हटलं घेतल्या असन. मले आठवतच नाही पाहा. माह्यं डोक्सं गेलं आता."
मी म्हणालो, "हो, घेतल्या तू."
का म्हणालो? लाज वाटते लिहायला. सहाच्या गोळ्या मात्र मिनिटावर दिल्या.

८ जाने.
सकाळी उजव्या हातातून कप पडला. जीभ जड. परत दवाखाना, लगेच भरती.
डॉ. : "एखादा डोस चुकला का?"
लेकीनं, वर्षानं, तक्ता पुढे केला. "एकही नाही. बाबांनी सगळं लिहून ठेवलं हाये."
डॉ. म्हणाले, असे नातेवाईक हवेत. मी खाली पाहत होतो. नालायक माणूस.

९ जाने.
सलाईन. आकसलेल्या नसांतून रक्त पुढे जावं म्हणून बी.पी. मुद्दाम वर ठेवलंय. हात थोडा हलतो. डॉ. म्हणतात, सगळे डोस वेळेवर घेऊनही असं होऊ शकतं. तेवढंच धरून बसलोय दिवसभर.
सु. वर्षाला सांगत होती, "दोनच्या गोळ्या घेतलेल्या आठवत नाही वं मले." वर्षानं ते डॉ. ना सांगितलं. उद्या राउंडला तिच्या स्मरणशक्तीची तपासणी.
वर्षा घरी गेल्यावर सु. नं माझ्याकडे मान वळवली. बोलायला वेळ लागतो तिला.
"तुमी... पायलं ना मले... गोळ्या घेताना?"
पाणी आणतो म्हणून उठलो. जग भरलेलाच होता.