आधी आपली माणसं

३ मार्च
सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझा ठराव पास. फ्लॅट विकायचा तर आधी नव्वद दिवस फक्त आपल्या समाजातल्या लोकांना दाखवायचा. हा भेदभाव नाही, प्राधान्य आहे. दोन्हींतला फरक पाऊण तास समजावला. शेवटी सगळ्यांनी हात वर केले. खजिनदार म्हणाले, आता जेवायला सोडा.

९ मार्च
तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड सिस्टर घर विकताहेत. गुडघे गेलेत, लिफ्ट नाही, बहिणीकडे तळमजल्यावर जायचंय. गिऱ्हाईकही तयार. शाळेतल्या एक बाई आणि त्यांचा नवरा. आडनाव ऐकलं. आपल्यातलं नाही. नियम दाखवला. सिस्टर म्हणाल्या, नव्वद दिवस ते कशाला थांबतील? आणि तुमच्या आईला इंजेक्शन द्यायला वर्षभर खाली येत होते, तेव्हा मी कुणातली ते विचारलं नव्हतंत.
विषय वेगळा आहे. सोसायटी भावनेवर चालत नाही. आठवड्यात आपलं माणूस आणतो म्हणून ठणकावून सांगितलं.

२ एप्रिल
आपली माणसं सध्या बिझी आहेत.

१४ एप्रिल
साडूला आणलं. नळ सोडून पाहिले, भिंती ठोकून पाहिल्या. घर पसंत. मग विचारलं, बिल्डिंगमध्ये कोण कोण? मी अभिमानाने सांगितलं, बहुतेक आपलेच. त्याचा चेहरा पडला. जिन्यात म्हणाला, आपल्याच लोकांच्या चौकशांना कंटाळून तर घर बदलतोय.
असा माणूस मला शेजारी नकोच होता.

३० एप्रिल
सिस्टर जिन्यात पडल्या. मनगटाला प्लास्टर. बायको म्हणाली, आता तरी सोडा. मी म्हटलं, त्यांना नियमाने ढकललं नाही. तिने मला ताट वाढलं आणि दोन डबे घेऊन सिस्टरकडे जेवायला गेली.
आमटी अळणी होती. मुद्दाम.

११ मे
स्पेशल मीटिंग. सिस्टरनी एवढंच विचारलं, आपले म्हणजे नक्की कोण? सोपा प्रश्न. दहा मिनिटांत खजिनदारांनी पहिल्या मजल्यावाल्यांना वगळलं, त्यांनी मला. माझे आजोबा म्हणे बाहेरून आलेले. मतदान झालं. ठरावाच्या बाजूने एक हात, माझा. बायको शेजारीच होती. तिचा हात विरोधात, अगदी ताठ.
तत्त्वाची माणसं एकटीच असतात.

१२ मे
निषेध म्हणून सेक्रेटरीपदाचा राजीनामा लिहिला. द्यायला गेलो तर कालच नवा सेक्रेटरी नेमलाय. मी निघून आल्यावर.

८ जून
सिस्टर गेल्या. शाळेतल्या बाई राहायला आल्या. माझ्याकडून संपूर्ण बहिष्कार. जिन्यात भेटल्या तरी एक शब्द नाही. कळेल हळूहळू.

२१ जून
बहिष्कार कडक चालू आहे.
आज बाईंनी बायकोला सांगितलं, आधीच्या बिल्डिंगमध्ये एक गृहस्थ सारखे मध्ये तोंड घालायचे. तुमचे मिस्टर किती शांत. असा शेजारी मिळायला नशीब लागतं.
बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी मीच आणून दिलं.