झटक्याचा मासा

सेलेंगे तळ्यावरून

आयसाता,

तुला, अम्माला, पोरांना सलाम. मी खुशाल आहे. भात-मासे पोटभर मिळतात. अम्माचा खोकला कसा आहे? इथली माणसं चांगली आहेत, फक्त माझ्याशी फारसं बोलत नाहीत.

काल जाळ्यात झटक्याचा मासा आला. गुबगुबीत, मिशाळ, अंगावर एक खवला नाही. पण शिवलं की खांद्यापर्यंत मुंग्या येतात. इथल्या कोळ्यांचा खेळच आहे, सगळ्यांनी हात धरून रांगेत उभं राहायचं आणि पहिल्यानं माशाला हात लावायचा.

"ए परक्या, ये. बघू तुझं काळीज केवढं," म्हातारा बाकाय म्हणाला.

झटका बसला तसे सगळे हात सोडून हसत पांगले. माझा हात तसाच पुढे राहिला. निघताना बोटीच्या धक्क्यावर तू सोडलास, त्यानंतर तो कुणी पहिल्यांदाच धरला होता.

तुझाच,
बूरेमा