मागचा स्पीकर

११ जानेवारी, रविवार
खोकी आली! सहा स्पीकर, त्यातला एक तर स्टुलाएवढा. हितेंद्रचं म्हणणं — दोन स्पीकर सोफ्याच्या मागेच हवेत, नाहीतर पैसे पाण्यात. आणि सोफ्याच्या मागे नानांचा पलंग! सासऱ्यांना लकवा झाल्यापासून तो हॉलमध्येच आहे, अर्धं जळगाव भेटायला येतं म्हणून. मी म्हटलं, स्पीकर हलव की! तर म्हणे, "दिपमाला, तुला त्यातलं कळत नाही." नाही कळत. बापापेक्षा स्पीकर मोठा कसा, ते खरंच नाही कळत.

१२ जानेवारी
नाना मागच्या खोलीत. उचलताना नुसते लेकाकडे बघत होते. जीभ जड झालीय, पण एवढं स्पष्ट बोलले — "तठून मना आवाज येई का तुमले?"
हितेंद्र म्हणाला, "भिंतीवर ग्लास वाजवा ना, नाना. पळत येऊ." चांगल्या हातात स्टीलचा ग्लास दिला. त्यांनी वाजवून बघितला. हॉलमध्ये ऐकू आला. मला शरम वाटली.

१५ जानेवारी
घरभर वायरी! कालची संक्रांतही त्यातच गेली. ग्लास वाजला की मी जाते. बऱ्याचदा पाणी नकोच असतं. "बस व माय, थोडीशी." बसते.

१८ जानेवारी, रविवार
दुपारी भुसावळहून हितेंद्रचा मित्र आला, प्रेमराज. भुताचा सिनेमा लावला. खिडकीच्या काचा हादरत होत्या. पडद्यावर ओसाड बंगला, आणि आमच्या मागून — ठक... ठक ठक!
प्रेमराज उडालाच. "काय इफेक्ट शे भो! जसं मांगली खोलीमाईन ई राहिना!" आवाज थेट मागच्या खोलीतून आल्यासारखा वाटला म्हटल्यावर हितेंद्रची छाती फुगली. मीही दचकले, मग हसले. किती दिवसांनी हसले. सिनेमा अजून चालूच आहे; संपला की नानांना चहा द्यायचाय.

१९ जानेवारी
नाना गेले. काल मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांचं अंग गार पडत होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, झोपेतच गेले असतील. दारावर येणाऱ्या प्रत्येकाला हितेंद्र तेच सांगतोय — "त्रास नाही झाला."

३० जानेवारी
तेराव्याची गंधमुक्ती झाली. पाहुणे गेले. सुतकात टीव्हीवर टाकलेली चादर तशीच आहे.

१ फेब्रुवारी
हितेंद्रने चादर काढली. तोच सिनेमा लावला, तोच बंगला. मी शेजारी बसले. मागे नेऊन पुन्हा लावला. पुन्हा.
त्या बंगल्यात कुणीच ठक ठक करत नाही.