चुप्पीचे फुगे

४ ऑगस्ट, सोम.
जमलं! सेव्हन-बी ने आज इंग्लिश लिहिलं. तेच सेव्हन-बी, जे फळ्यावरचं पण उतरवत नाहीत. मी चार चौकटींची कॉमिक काढली. एका मुलीची बस सुटते, ती प्रिन्सिपलसमोर उभी. बोलायचे फुगे सगळे रिकामे. भरा तुम्ही. बेल झाली तरी कोणी उठेना. नमन ओरडला, "मॅम, और दो ना!"
आई म्हणते इथे हिंदीत राहून मराठी विसरून राहिली तू, म्हणून डायरी मराठीत. चलो, बघू.

६ ऑग., बुध.
पोरांनी कॉमिकमधल्या मुलीचं नाव ठेवलं, चुप्पी. नमनचा फुगा: "सर, माझं तोंड आज सुट्टीवर आहे." इंग्लिशमध्ये, कॉमा-बिमा सगळं बरोबर. मी जोरात हसली. प्रि. सर खिडकीतून बघत होते. २० ला डेमो क्लास, ट्रस्टी येणार. चांगला झाला तर मी पर्मनंट.

८ ऑग., शुक्र.
पेपर तपासत होती. आई चहा घेऊन आली, वाकून बघितलं. "ही कोण गं? खरीखुरी वाटते."
मग मी बघितलं. एक वेणी वर बांधलेली, एक सुटलेली. चष्म्याला दोरी. पूनम. पहिला बेंच. त्या दिवशी घाईत चेहरा पाहिजे होता, समोर जी दिसली ती काढली. ठरवून नाही. खरंच नाही.
पूनम याच वर्षी आली, रांझीच्या हिंदी मीडियममधून. इंग्लिशमध्ये काही विचारलं की तोंड उघडते आणि मिटते. पोरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. तिच्या तोंडात रोज चाळीस जण शब्द घालून राहिले आणि मी स्टार देऊन राहिली.
तिचा स्वतःचा पेपर पण निघाला. चारही फुगे रिकामे. खाली माझं लाल पेनचं, 'इनकम्प्लीट. ट्राय हार्डर!' वर स्माइली.

११ ऑग., सोम.
चेहरा बदलला. जाडा मुलगा काढला.
"मॅम, चुप्पी को क्यों निकाल दिया? वो तो हीरोइन है!" नमनच.
मग सगळे बेंच वाजवायला लागले. चुप्पी, चुप्पी. पूनम पण वाजवत होती, हसत. ते बघवेना. एकानेही लिहिलं नाही. ओरडली मी. पीरियड गेला.
सरांना सगळं सांगितलं. "बेटा, बच्चे लिख रहे थे ना? डेमो तक चलने दो. फिर देखते हैं." म्हणजे उद्यापासून परत चुप्पी.
घरी आई, "तोंड काहून उतरलं तुझं?" काही नाही म्हटलं.

१८ ऑग., सोम.
पूनम मंगळवारपासून आली नाही. तिच्या आईला फोन केला.
"बुखार-वुखार कुछ नहीं मॅडमजी. बस कहती है, नहीं जाना. और बताया कि मॅडम रोज मेरा चित्र बनाती है. हम तो पूरे क्वार्टर में बता दिए. इसके पापा कितने खुश हैं!"
थँक्यू पण म्हणाली. मला.

१९ ऑग., मंगळ.
आली. पूनमला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं. म्हटलं, सॉरी बेटा, चुप्पी बंद, उद्यापासून दुसरं.
चष्मा पुसत राहिली. मग, "बंद मत करिए मॅम. नहीं तो ये लोग बिना कागज के बोलेंगे."

२० ऑग., बुध. डेमो
चेहराच नाही काढला. फळ्यावर चार नुसते गोल, वर फुगे. वाटलं, हे सेफ.
वर्ग मेलेला. ट्रस्टींपैकी एक मोबाइल बघून राहिले. सर माझ्याकडे बघून राहिले.
मग पूनम उठली. पहिल्यांदा. खडू घेतला. गोलात पुढे आलेले दात काढले. दातांवर तार.
ईशा. हिच्याच बाजूला बसते. बसमध्ये हिच्यासाठी जागा धरते. अख्ख्या सेव्हन-बी त हिच्याशी बोलणारी एकच.
फुग्यात पूर्ण वाक्य लिहिलं, इंग्लिशमध्ये: "समोर उभे राहू नका, मी बोलली की पाऊस पडतो."
वर्ग फुटला. नमन बेंचवर चढला. ट्रस्टी हसले, टाळ्या. दोन मिनिटात सगळ्यांचे पेन चालू. ईशा पण हसत होती, तोंडावर हात ठेवून.
मला पुसायचं होतं. डस्टर हातातच होतं.
सर: "उस बच्ची का कॉन्फिडेंस देखा? तुम्हारा कमाल है बेटा."

२२ ऑग., शुक्र.
पर्मनंट. आईने पेढे वाटले.
सरांना ती कॉमिक मोठी करून गेटजवळच्या बोर्डवर पाहिजे, सोमवारी. खाली पूनमचं नाव. तिचे पापा फॅक्टरीतून हाफ डे घेऊन येणार बघायला. काढायची मी.
ईशा दोन दिवस नाही. तिच्या जागेवर पूनमची बॅग.
मधल्या सुट्टीत पूनम आली माझ्याकडे. "मॅम, मे आय ड्रॉ हर ऑन मंडे ऑल्सो?" न अडखळता. नमन तिच्यासाठी दारात थांबलेला.
म्हटलं, बघू.
चार्ट पेपर टेबलवर पडला आहे. चौकटी आखल्या. गोल काढले. आत अजून कोणाचाच चेहरा नाही.