माझ्या तिरडीला फोम लावू नये

रहाटाची कुरकुर अजून कानात आहे. पहाटे बैल फिरू लागला की लाकडी रहाट रडक्या सुरात गाऊ लागे आणि मी अंथरुणातूनच त्या तालावर चौथीच्या कविता म्हणे. वर्गातही त्याच तालात सुरू झालो की मास्तर म्हणत, "राऊत, बैल थांबला, आता तूही थांब." पुढे विहिरीवर मोटार बसली. ताल गेला.

असो. मी, शत्रुघ्न हरी राऊत, वय सत्याहत्तर, धंदा फुलशेती, राहणार उमेळे, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. माझा एकुलता मुलगा चि. दीपेश यास शंका आल्यास डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव दीपेश व सूनबाई सौ. रचना यांना निम्मी निम्मी. दीपेशचा स्टेशनजवळ फुलांचा 'स्टुडिओ' आहे. पूर्वी त्याला दुकान म्हणत. तो फ्लोरल डिझायनर आहे, म्हणजे जरबेराच्या मानेत तार खुपसून तिला हिरव्या फोमवर ताठ उभी करतो. एका लग्नात मी विचारले, "अरे, मांडवात आपला चाफा का नाही?" म्हणाला, "बाबा, वास फोटोत येत नाही."

२. माझी पत्नी कै. कमळी हिची कळ्या काढायची आकडी रचनाला. ती शोभेसाठी भिंतीवर टांगू नये.

३. कवितांची जुनी क्रमिक पुस्तके गावच्या वाचनालयास. रद्दीत घालायची झाल्यास आधी एकदा मोठ्याने वाचावीत.

४. माझ्या तिरडीला फोम, तार, चमकी किंवा थर्माकोलचे हंस लावू नयेत. दीपेशच्या छापील पत्रकात 'अंतिम यात्रा : साधी व डिलक्स' असे दिले आहे. मला दोन्ही नको.

५. आता मुख्य, सोनचाफ्याची वाडी. दोन वर्षांपूर्वी दीपेश म्हणाला, चाफा तोडून तिथे काचेचे शोरूम बांधू. मी म्हणालो, "आधी मला तोड." तेव्हापासून त्याने इकडे पाऊल टाकलेले नाही. सबब ही वाडी झाडांसकट माझी भाची मीरा, राहणार जूचंद्र, हिला द्यावी. ती येते, झाडाखाली बसते आणि माझ्या कविता शेवटपर्यंत ऐकते. एवढी सहनशक्ती असलेली बाई झाडेही सांभाळील.

स्थळ उमेळे, दिनांक ११ मे २००३.
साक्षीदार : सॅन्टन डाबरे, इग्नेशियस लोपीस. दोघेही शेजारचे बागायतदार. समोर बसून माझा चहा पीत आहेत.

सहीपूर्वी एक नोंद करणे भाग आहे. कडी वाजली. खिडकीतून पाहतो तो दारात दीपेश. हातात टोपली, टोपलीत काळा पडलेला चाफा.

"बाबा, बाजारातून आणून फ्रिजमध्ये ठेवला होता."

"चाफा? फ्रिजात?" इग्नेशियस आतूनच ओरडला. "अरे, मासा हाय का तो?"

"उद्या एका लग्नाची ऑर्डर आहे. नवरीची आजी अडून बसलीय. चाफ्याची वेणी नसेल तर लग्नाला येणार नाही म्हणते. उद्या पहाटे कळ्या मीच काढीन, बाबा. वाडीत येऊ?"

सॅन्टन पेन माझ्या हातात कोंबतो आहे. "शत्रू, आदी सई कर. मंग दार उघड."

सहीची जागा कोरी ठेवून मी उठत आहे.