कावळ्याला दिलेला शब्द

कुंभकोणम्,
आडी अमावास्येचा दुसरा दिवस, १९५४

प्रिय पंके,

मद्रासच्या इस्पितळात कॉफी तरी बरी मिळते का? खोकला आता तुला झोपू देतो ना? तुझी सुंदरी माझ्याकडे मजेत आहे. सहा वर्षांची, पण तोंड अखंड चालू! रघूत्तम चोळपुरमहून दोनदा येऊन गेला, लेकीला घरी नेतो म्हणून. त्याचा हात किती पटकन उठतो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? दोन्ही वेळा मी काहीतरी थापा मारून त्याला वाटेला लावलं. तुझ्या मागच्या पत्रात तू विचारलंस, तुझं काही बरंवाईट झालं तर सुंदरीला मी वाढवीन का. असलं अभद्र कशाला बोलायचं, म्हणून मी उत्तरच टाळलं.

शाळेत पहिलीचा धर्माचा तास माझ्याकडे आहे. आमच्या हेडमास्तरांचा धर्म म्हणजे घसा ताणून श्लोक म्हणणं. मला वाटतं, पोरांना हातानं काही करू द्यावं. काल आडी महिन्यातली, पितरांची अमावास्या, म्हणून डब्यातल्या दहीभाताचा एकेक घास मागच्या भिंतीवर ठेवायला लावला. घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्या, ते कावळा होऊन जेवायला येतात, असं सांगितलं. कुणी आजोबांचं नाव घेतलं, कुणी पणजीचं. कावळ्यांची नुसती झुंबड उडाली. सुंदरीनं घास ठेवला आणि तुझं नाव घेतलं.

मी रागावले. हे गेलेल्यांसाठी असतं, आई इस्पितळात आहे, म्हणून दटावलं. ती शांतपणे म्हणाली की आईनंच सकाळी येऊन सांगितलं.

बाकीचे घास केव्हाच संपले. हिच्या घासापाशी एकच कावळा बसला, पण चोच लावीना. भिंतीवरचा कलकलाट एकाएकी थांबला. पोरं सगळी कावळ्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती. घंटा झाली तरी एकही जागचं हललं नाही.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, की गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करायचा शब्द आपल्यात देतात. माझेही हात आपोआप जोडले गेले. मनातल्या मनात म्हटलं, सुंदरीला मद्रासला भेटायला आणते. कावळा ढिम्म. तिला खूप शिकवते म्हटलं. ढिम्म. मग म्हटलं, पंके, तिला चोळपुरमला धाडणार नाही, आजपासून ती माझी. त्याच क्षणी त्यानं घास उचलला आणि उडाला.

सुंदरीनं हात धुतले, माझा पदर धरला आणि मला आई म्हणून हाक मारली. आणि मी ओ दिली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून हे लिहिते आहे. शब्द मी पाळीनच. पण पंके, तू मला खोटी पाड. तुझ्या हातानं दोन ओळी लिही. माझी पोर बळकावलीस म्हणून भांड, हव्या तेवढ्या शिव्या दे, पण उत्तर दे.

तुझीच,
रुक्मिणी अक्का