बोटभर उंची

बाबा,

आपल्या जुन्या पोलीस लाइनीतल्या पोरापोरींनी फोनवर एक गट काढला आहे. पोरंपोरी म्हणजे आता सगळ्यांचे गुडघे बोलायला लागलेत, कुणाचा मोतीबिंदू झाला, कुणाचा व्हायचा आहे. पण गटात आले की सगळे परत चड्डी-फ्रॉकातले होतात. हल्ली खिशातल्या फोनवरच गप्पा चालतात, एवढं समजून घ्या, बाकी सांगत बसत नाही. तर कुणाला तरी आपल्या त्या पोलिसांच्या मालिकेचे जुने भाग सापडले, आणि दूध उतू जावं तशा सगळ्यांच्या आठवणी वर आल्या. कुणाला तिची सुरुवातीची शिट्टी आठवते, कुणाला नदीकाठचं ते लहानसं ठाणं, कुणाला फौजदार बाईंची बुलेट. आणि प्रत्येक जण शेवटी तुमच्यावर येतो. "हवालदारकाका खाटेवरून उठून सॅल्युट मारायचे, आठवते का गा?" पुढच्या रविवारी सगळे जमणार आहेत. पडद्यावर एक भाग दाखवायचा, भजे खायचे, आणि मी तुमच्याबद्दल चार शब्द बोलायचे असं त्यांनी मला न विचारताच ठरवून टाकलं आहे. ते चार शब्द शोधायला बसले होते, तर हे निघून राहिलं आहे.

आठवत तर मलाही आहे सगळं. लाइनीत टीव्ही आपल्याकडेच होता. तुम्ही तो खिडकीत उलटा ठेवायचे, तोंड अंगणाकडे, म्हणजे घरातल्यांनाही बाहेर येऊन बघावं लागायचं. आई शिव्या घालत मुरमुऱ्याला फोडणी द्यायची. छपरावर कुणीतरी ॲन्टेना धरून उभा. "आली का गा?" "आली, आली! हालू नको आता!" "आता काय मालिका सरेपर्यंत इथंच उभा राहू का?" "राह्य ना बे, तुले कोण घरी बोलावून राह्यलं!" मग शिट्टी वाजायची आणि सगळं अंगण गप्प. त्या मालिकेत फौजदार बाईंच्या हाताखाली एक म्हातारा हवालदार होता, भरघोस मिशीचा, बाईंच्या आधी जीप­मधून उतरणारा. तुम्हाला तो फार आवडायचा. "हा माणूस खरा पोलीस हाय, बाकीचे नाटकातले," म्हणायचे, आणि हळूहळू तुमची मिशीही त्याच्यासारखी झाली. बाई ठाण्यात पाऊल टाकायच्या त्या क्षणी तुम्ही लुंगीवर खाडकन उभे राहायचे, टाचा जुळवायचे आणि टीव्हीला कडक सॅल्युट ठोकायचे. अंगण हसून हसून लोळायचं. आई म्हणायची, "लुंगी सांभाळा आधी. तुमची फौजदारीन काही बाहेर नाही येऊन राह्यली टीव्हीतून." तुम्ही बसता बसता माझ्याकडे वळायचे. "पाहून राह्यली ना वं? अशी चाल पाहिजे बाईची."

मी ते खरं मानलं, बाबा. दुसरं काय मानायचं असतं? कॉलेजचं तोंड मी पाहिलं नव्हतं. आई आजारी पडली तेव्हा मॅट्रिकनंतर चुलीपाशी बसले ती बसलेच. पण त्या बाईंची चाल पाहिल्यापासून भाकरी थापता थापता अभ्यास सुरू केला आणि बाहेरून बी.ए. झाले. इंग्रजी शिकले ती जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून आलेल्या हिंग-जिऱ्याच्या पुड्या सोडवून सोडवून. फौजदारकीच्या परीक्षेला बसते म्हटलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाह्य बाई, तुही मर्जी." नाही म्हणाला नाहीत. उलट सकाळी मी मैदानावर धावायची तेव्हा तुम्ही सायकलवरून सोबत यायचे आणि मागून ओरडायचे, "पाय उचल वं, पाय! दळण घेऊन चालली का?" आता वाटतं, लेखी परीक्षेतच ही गळेल असा तुमचा हिशेब असावा. मी गळले नाही. पास झाले.

त्या आठवड्यात लाइनीत दुसरं बोलणंच नव्हतं. शेजारचे जमादार ओट्यावरून ओरडायचे, "हवालदार, आता काय गा? टीव्हीतलीले ठोकून राह्यला होता, आता घरातलीले ठोका लागन! पोरगी ठाण्यात आली का खाट सोडून पह्यलं सॅल्युट!" तुम्ही हसायचे. मी पोळ्या लाटता लाटता ते हसणं ऐकायची आणि मला वाटायचं, माझा बाप फुगून गेला आहे.

भरतीच्या मैदानावरच्या दिवसाची गोष्ट गटातल्या कुणाला माहीत नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की मी उंचीत कमी पडले. उंची मोजायला खांबापाशी तुमचेच दोस्त होते, खापा गावचे म्हणून आम्ही ज्यांना म्हणायचो ते खाप्याचे काका. कवायत शिकवायचे ते. दूरच्या टेबलावर साहेब आणि लिहिणारा बसलेला. तुम्ही फाटकावर बंदोबस्ताला. माझ्या पुढच्या मुली एकेक करून खांबाला पाठ लावून गेल्या. कुणाला "ताठ राह्य", कुणाला "आंबाडा सोड". माझी पाळी आली. काका म्हणाले, "सावधान." माझ्या टाचा आपोआप जुळल्या. फळी डोक्याला लागली. आणि मग अगदी हळू, माझ्या एकटीच्या कानापुरतं, ते म्हणाले, "विश्राम."

आपल्या घरात तो शब्द कसा होता ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? इतरांची पोरं लगोरी खेळायची तेव्हा तुम्ही आम्हा भावंडांना अंगणात रांगेत उभं करायचे. ताट वाढलं की सावधान, पाणी सांडलं की सावधान, मार टळला की विश्राम. चालायला लागायच्या आधी आम्हाला तो हुकूम कळत असेल. दुसऱ्या कोणत्याही मुलीला काकांनी विश्राम म्हटलं असतं तर ती "काय म्हणता?" म्हणून बघत राहिली असती. मी पाय फाकवले, हात मागे बांधले. मला वाटलं, मोजून झालं. फळी मात्र माझ्या डोक्यामागोमाग खाली आली. काकांनी मोठ्यानं आकडा म्हटला, टेबलावरच्यानं लिहिला, साहेब न बघताच म्हणाले, "बोटभर कमी. बाजूला."

मला काही कळलं नाही, बाबा. घरी भिंतीला पाठ लावून मी कितीदा मोजलं होतं, काठावर का होईना पण बसत होते. फाटकावर तुम्ही विचारलंत, "काय झालं वं?" मी म्हटलं, "बुटकी निघाली तुमची पोरगी." तुम्ही सायकल हातात घेतली आणि माझ्या बाजूनं चालत राहिलात. वाटेत गाडीवर रस घेऊन दिलात. "पेऊन घे, ऊन लागन." मी म्हटलं, "बाबा, परत मोजायला सांगता येते का? घरी तर बरोबर भरत होते." तुम्ही ग्लासाकडे बघून म्हणालात, "भिंतीवरचं माप अंदाजाचं असते. अन् सायबासमोर तोंड वर करून नसते बोलायचं." तो रस मला किती गोड लागला होता! माझ्या अपयशानं तुमचं मन किती दुखावलं असेल या विचारानं मी माझं रडं गिळलं आणि तुम्हालाच म्हणाले, "जाऊ द्या बाबा, तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

त्याच आठवड्यात मालिका लागली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. शिट्टी ऐकली, मग अंगण एकदम हसलं, टाळ्या वाजल्या. त्यावरून कळलं की बाई ठाण्यात आल्या आहेत आणि तुम्ही उभे राहिला आहात.

मग माझं लग्न झालं, नंदनवन वस्तीत राहायला आले. ह्यांची बदली-बढतीची सरकारी नोकरी नव्हती, घर चालवायला मी डबे सुरू केले. धंतोलीतल्या दवाखान्यांत बाहेरगावचे पेशंट येतात, त्यांच्या सोबत्यांना घरचं जेवण लागतं; पातळ वरण, मऊ भात, बिनतिखटाची भाजी. तुम्ही गेलात तेव्हा माझा डब्यांचा व्याप चांगला वाढला होता. तुमच्या तेरवीला खाप्याचे काका आले होते, माझ्याशी धड बोललेही नाहीत. त्यानंतर काही वर्षांनी तेच धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती असल्याचं कळलं, आणि मी डबा दुसऱ्या कुणाच्या हाती न पाठवता स्वतः घेऊन गेले. दोन घास खाऊन ते थांबले.

"बाई, घशाखाली उतरून नाही राह्यलं."

"काहून काका, तिखट झालं का?"

"नाही वं. वरण चांगलं हाय. म्याच चांगला नाही." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्या दिवशी मैदानावर म्या तुले विश्राम म्हटलं होतं. ध्यानात हाय?"

मला आधी काहीच आठवेना. मग आठवलं, आणि पलंगाचा दांडा धरून बसले.

"तुह्या बापानं सांगतलं होतं. म्हणे, मापात खोटं नको लिहू, तुह्यावर येईन. नुसतं विश्राम म्हण. माही पोरगी हाय, पाय हालवल्याबिगर राहाची नाही."

मी तुमच्या बाजूनं उभी राहायचा प्रयत्न केला, बाबा. खरंच केला. म्हटलं, "काका, ठाण्यात बायांचे हाल होतात ते त्यांनी पाहिले असतील. जिवाला घोर नको म्हणून केलं असेल."

काकांनी मान हलवली. "मले बी तसंच वाटलं होतं. म्या इचारलं, काहून गा असं करतं? तर म्हणे, टीव्हीतलीले ठोकतो तं लोक माह्यासंगं हासतेत. पोरीले ठोकलं तं माह्यावर हासतीन."

बस. एवढंच होतं ते. जमादाराच्या ओट्यावरचं हसणं. मी मनात तुमच्यासाठी केवढी मोठी कारणं घडवून ठेवली होती. तुम्ही त्यातलं एकही घेतलं नाहीत.

तुम्ही उघड नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते, उपाशी राहिले असते, कदाचित हरलेही असते. पण हरल्याचं मला कळलं असतं. तुम्ही माझ्या अभ्यासाला हात लावला नाही, धावण्याला लावला नाही. तुम्ही माझ्या आज्ञाधारकपणाला हात घातलात. जे तुम्ही प्रेमानं शिकवलं असं मी समजत होते, नेमकं त्याच ठिकाणी धरून मला खाली ओढलंत. पोरगी कुठं वाकते हे बापाला माहीत असतं, म्हणून तर ती त्याच्याजवळ निर्धास्त असते ना? आणि मालिकेतल्या त्या म्हाताऱ्या हवालदाराची मिशी ठेवलीत तुम्ही! त्याच्यातलं तुम्हाला नक्की काय आवडलं होतं, हे मला आजपर्यंत उमगलं नाही.

आईला मी सांगितलं नाही. ती तुमच्या फोटोला रोज फूल वाहायची, तिचा हात मध्येच थांबवून मला काय मिळणार होतं? गटातल्यांनाही सांगणार नाही. त्यांच्या बालपणात हसायला लावणारा एक हवालदार आहे, तो त्यांच्याकडे राहू दे. रविवारी मी जाईन, भज्यांचं पीठ मीच कालवीन, आणि बोलायची वेळ आली की म्हणेन, "बाबांना ती मालिका फार आवडायची." तेवढं खरं आहे. त्याच्यापुढं बोलायला लागले तर माझा आवाज माझ्या हातात राहणार नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाहीच. डब्यांच्या कपाटात, मसाल्यांच्या मागे ठेवून देईन.

फक्त एक गोष्ट राहिली, ती तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही. काकांकडून निघाले तेव्हा भर दुपार होती. घरी आले, ह्यांना म्हटलं, "टेप घ्या आणि मला मोजा." हे म्हणाले, "काय, झंपर शिवतं का?" म्हटलं, "टाचेपासून डोक्यापर्यंत मोजा." चपला काढल्या, भिंतीला पाठ लावली. ह्यांनी आकडा सांगितला. मी परत मोजायला लावलं. तोच आकडा. मुलं मोठी झालेली, केस पिकायला लागलेले, आणि तरी मी भरत होते. तुमचा राग मला फार नंतर आला, बाबा, आणि आला तो अजून गेलेला नाही. पण त्या दुपारी आधी राग आलाच नाही. मी शिरा केला आणि दोनदा वाढून घेतला. ह्यांनी विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही, सहज.

मी खूश झाले होते.